झांगा-सांघा ट्रिप: जंगल पैसावसूल, गावातला नाच मात्र वगळा

सरळ मुद्द्यावर येते. ओळखीतले सगळे एकच विचारतायत की ही मध्य आफ्रिकेतली गोरिला-पिग्मी ट्रिप करावी का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. करावी. पैसे असतील आणि गुडघ्यांत दम असेल तर नक्की करावी, पण एजन्सी जे पॅकेज हातात ठेवते ते जसंच्या तसं घेऊ नका. त्यातला ‘पिग्मी व्हिलेज व्हिजिट अँड डान्स’ हा आयटम सरळ काढायला लावा आणि त्या वेळात बआका लोकांबरोबर (इथले पिग्मी, जंगलात राहणारे आदिवासी) जंगलात एक पूर्ण दिवस मागा. जंगल, ट्रॅकर आणि हत्ती यांना माझ्याकडून पाचपैकी पाच. एजन्सीच्या कारभाराला दोन, तेही ड्रायव्हर चांगला होता म्हणून.

आधी हे आहे कुठे ते सांगते, कारण निम्म्या लोकांना वाटतं मी युगांडाला जाऊन आले. झांगा-सांघा हे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या पार नैर्ऋत्येच्या टोकाला आहे, एका बाजूला कॅमेरून आणि दुसऱ्या बाजूला काँगो-ब्राझाव्हिल. १९९० मध्ये इथे राखीव जंगल आणि झांगा-न्दोकी नॅशनल पार्क जाहीर झालं, आणि २०१२ मध्ये शेजारच्या दोन देशांतली लोबेके आणि नुआबाले-न्दोकी ही पार्क्स धरून तिन्ही मिळून साडेसात लाख हेक्टरच्या आसपासचा पट्टा जागतिक वारसा झाला. राहायचं ते बयांगा गावाच्या आसपास, सांघा नदीच्या काठी. पोचायचं कसं तर राजधानी बांगीहून छोटं चार्टर विमान, नाहीतर गाडीने पाचशेच्या आसपास किलोमीटर, ज्यातला बराचसा रस्ता रस्ता म्हणण्याच्या लायकीचा नाही, नाहीतर कॅमेरून किंवा काँगोच्या बाजूने येऊन नदीतून बोटीने. चार्टर हाच या ट्रिपमधला सगळ्यात महाग भाग, ग्रुप असेल तर वाटून घेता येतो, एकट्यादुकट्याने जायचं म्हटलं तर खिसा रिकामा.

आता गोरिला. रवांडात डोंगरी गोरिलांसोबतच्या एका तासाला १,५०० डॉलर पडतात, युगांडात ८००. इथली फी त्यामानाने बरीच कमी, पण गोरिला वेगळे आणि कष्ट जास्त. हे वेस्टर्न लोलँड गोरिला, म्हणजे सखल जंगलातले. डोंगरी गोरिला मुख्यतः पाला आणि देठ खातात आणि ते जिकडेतिकडे मिळतं, हे मात्र फळांच्या मागे फिरतात त्यामुळे रोज लांब लांब चालतात आणि त्यांच्यामागे तुम्हीही. शिवाय जंगल इतकं दाट की दहा पावलांवर गोरिला बसलेला असला तरी दिसणार नाही. म्हणूनच यांना माणसांची सवय लावायला एकेका कुटुंबामागे काही वर्षं जातात. बाई होकू नावाच्या गोरिला कॅम्पवर हे काम १९९७ पासून चालू आहे आणि ते बआका ट्रॅकर्सशिवाय झालंच नसतं, हे तिथले संशोधकही मान्य करतात.

कारण माग काढणं म्हणजे काय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. गोरिलांच्या गळ्यात कॉलर-बिलर काही नसते. काल संध्याकाळी जिथे सोडले तिथे सकाळी जायचं, झोपायला केलेली पानांची घरटी बघायची आणि तिथून पुढे निघायचं. आमच्या पुढे जो ट्रॅकर होता, पन्नाशीचा असेल, मला तर आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात तरुण पोरापेक्षा तोच तरुण वाटला, तो चालता चालता थांबला, एक कुरतडलेला देठ उचलला, मोडलेल्या टोकावर अंगठा फिरवला आणि चीक ओला आहे की सुकला ते बघितलं. मग खाली बोट दाखवलं. मला नुसता ओला पालापाचोळा दिसत होता, त्याला त्यात मुठीच्या पेरांचा ठसा दिसत होता. दोन्ही ट्रॅकर एकमेकांशी फार थोडं बोलतात, हाताच्या खुणा जास्त. आणि गोरिला जवळ आले की जिभेने टाळूवर टॉक टॉक असा आवाज काढत राहतात, म्हणजे गोरिलांना कळावं की हे आपले नेहमीचेच लोक आहेत, दचकायचं कारण नाही.

मग पाठीवर चांदी पसरलेला तो बाप्या दिसला आणि खरं सांगते, फोटो काढायचं सुचलंच नाही पहिली पाच मिनिटं. तो बसून वाळवीच्या वारुळाचा तुकडा तळहातावर आपटून वाळवी खात होता आणि दोन पोरं त्याच्या पाठीमागे वेलीवरून एकमेकांना ढकलत होती. तोंडाला मास्क लावावाच लागतो, माणसांची सर्दी-खोकल्याची इन्फेक्शन्स त्यांच्या जिवावर उठू शकतात म्हणून, आणि तुम्ही आजारी असाल तर नेतच नाहीत. आमच्यातल्या एका काकांना त्या सकाळी शिंका येत होत्या, त्यांना कॅम्पवरच थांबवलं, ते भयंकर चिडले, एवढे पैसे भरून वगैरे. गाईडने शांतपणे ऐकून घेतलं आणि तरीही नेलं नाही. त्याबद्दल गाईडला वेगळे मार्क.

एक तास संपला की संपला, हे पण लक्षात ठेवा. शोधण्यात चार तास गेले म्हणून बघायला जास्त मिळत नाही.

ट्रिपचं खरं सोनं कुठे असेल तर झांगा बाईला. बाई म्हणजे घनदाट जंगलाच्या मधोमध असलेली मोकळी, दलदलीची जागा, आणि या जागेच्या मातीत क्षार आहेत म्हणून हत्ती लांबलांबून इथे येतात. गाडी सोडल्यावर साधारण पाऊण तास चालायचं, त्यात एका ओढ्यातून मांडीपर्यंत पाण्यात जावं लागतं, तळाला वाळू आहे पण मधेच पाय खचतो, बूट गळ्यात अडकवून चालणारेही होते आणि बूट घालूनच पाण्यात उतरणारेही. मी दुसऱ्या गटात. वाटेवर हत्तींच्या ताज्या शेणाचे ढीग बघून ट्रॅकर थांबतो, कान देतो, मगच पुढे. ही वाट मुळात हत्तींचीच आहे, आपण पाहुणे, त्यामुळे इथे ट्रॅकरने हात वर केला की गप्पा जागच्या जागी बंद.

आणि मग उंच मचाणावर चढलो की समोर हत्तीच हत्ती. आम्ही होतो तेव्हा मोजायचा प्रयत्न केला पण ते सारखे येत-जात असतात, साठपर्यंत मोजून सोडून दिलं. कधी कधी शंभराच्या वर असतात म्हणे. हे जंगलातले हत्ती, मोकळ्या गवताळ सवानातल्यांपेक्षा लहान, कान गोल, सुळे सरळ आणि खाली झुकलेले. २०२१ मध्ये यांना स्वतंत्र प्रजाती म्हणून अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं. दुर्बीण घेऊन एकच हत्ती धरा आणि बघत बसा, हा माझा सल्ला. मी एक हत्तीण धरली होती. ती खड्ड्यात सोंड घालते, पार डोळ्यांपर्यंत, आत फुंकते की आजूबाजूच्या पाण्यावर बुडबुडे येतात, वाळू मोकळी होते, मग खालचं क्षाराचं पाणी ओढून तोंडात सोडते आणि डोळे मिटून उभी राहते. तिचं पिल्लू पुढचे गुडघे टेकून त्याच खड्ड्यात सोंड घालायला बघतंय पण सोंड पुरत नाहीये. तेवढ्यात एक मोठा नर आला, काही केलं नाही, नुसता येऊन उभा राहिला, आणि ही मुकाट्याने बाजूला झाली. चांगले खड्डे मोठ्यांचे, बाकीच्यांनी उरलेले चाखायचे. चिखलाप्रमाणे रंगही वेगळे, कोणी पिवळा, कोणी राखाडी, कोणी विटकरी. आंद्रेया टर्कालो या संशोधिकेने १९९० पासून वीसेक वर्षं इथे बसून चार हजारांच्या वर हत्ती एकेक करून ओळखले, कान, सुळे, जखमांच्या खुणा यांवरून. मला एका दुपारी तीन लक्षात राहिले.

हे सगळं किती नाजूक आहे ते पण सांगते. मे २०१३ मध्ये देशात सत्तापालट होऊन गोंधळ चालू असताना हत्यारबंद लोक याच बाईत शिरले आणि २६ हत्ती मारून सुळे घेऊन गेले. टर्कालोंच्याच अभ्यासातलं अजून एक: जंगलातल्या हत्तिणीला पहिलं पिल्लू साधारण २३ व्या वर्षी होतं आणि पुढचं पाच-सहा वर्षांनी. म्हणजे एका दिवसात जे गेलं ते भरून यायला किती पिढ्या लागतील याचा हिशोब तुम्हीच करा. आता तिथे रेंजर असतात.

बाईत अजून काय दिसलं तर सिटाटुंगा (दलदलीत राहणारं हरीण), आफ्रिकी रानम्हशी, संध्याकाळी जायंट फॉरेस्ट हॉग आणि आफ्रिकन ग्रे पोपटांचा थवा, ज्याचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना. बोंगो, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं मोठं हरीण, आमच्या नशिबात नव्हता. एजन्सीच्या ब्रोशरवर बोंगोचा मोठ्ठा फोटो आहे, तो बघून जाऊ नका.

आता ज्याच्यावरून माझं डोकं फिरलं ते. ट्रिपमध्ये एका संध्याकाळी ‘पिग्मी कल्चरल इव्हिनिंग’ होती. गाडी वस्तीत नेऊन उभी केली, एजन्सीचा माणूस उतरून टाळ्या वाजवत ‘चला चला’ करत फिरायला लागला, बायका कामं टाकून आल्या, एकीच्या कडेवर तापाने मलूल झालेलं मूल होतं, ढोल आला आणि नाच सुरू. सगळे मोबाईल वर. वीसेक मिनिटं झाली, त्या माणसाने घड्याळ बघितलं, सिगारेटी वाटल्या आणि आम्ही परत गाडीत. सिगारेटी! मी विचारलं, पैसे कोणाला दिले? तर म्हणे मुखियाला. ज्याच्या हातात पैसे जाताना मी बघितले तो माणूस बआका नव्हता, शेजारच्या शेती करणाऱ्या लोकांपैकी होता, ज्यांना बआका बिलो म्हणतात. आणि बआकांमध्ये हुकूम सोडणारा मुखिया असा प्रकारच मुळात नसतो, एखादा वडीलधारा बोलतो, त्याचं ऐकायचं की नाही ते बाकीचे ठरवतात. बिलो आणि बआका यांच्यातलं उधारी-मजुरीचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, त्यात बआकांच्या हातात फार कमी पडतं, आणि आपण टुरिस्ट लोक जाऊन त्याच साखळीत अजून एक कडी जोडतो. २०१० मध्ये या देशाने आदिवासींच्या हक्कांचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) १६९ नंबरचा करार मान्य केला, आफ्रिकेत पहिला देश. कागद भारी आहे. गावात त्या संध्याकाळी त्याचा काही पत्ता नव्हता.

माझ्याबरोबरच्या मावशी म्हणाल्या, ‘अगं, त्यांना चार पैसे मिळतात ना, मग तुझं काय जातं?’ मिळत असते तर काहीच गेलं नसतं हो मावशी.

आणि यात सगळ्यात वाईट काय, तर हे गाणं खरोखर जगावेगळं आहे. आका, म्हणजे याच बआका लोकांचं बहुस्वरी गायन युनेस्कोने २००३ मध्येच वारसा म्हणून जाहीर केलंय. लुई सार्नो नावाच्या अमेरिकन माणसाने हे गाणं रेडिओवर ऐकलं आणि त्याच्या मागे तो १९८० च्या दशकात इथे आला आणि जवळजवळ उरलेलं सगळं आयुष्य इथल्या यांदुम्बे वस्तीत राहिला, हजार तासांच्या वर रेकॉर्डिंग केलं जे आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहे, २०१७ मध्ये तो गेला. आणि आपण तेच गाणं वीस मिनिटांत सिगारेटीच्या बदल्यात उरकायला लावतो.

म्हणून म्हणते, जंगलातला दिवस मागा. आम्ही चौघींनी हट्ट करून पार्कच्या ऑफिसमधून वेगळी व्यवस्था करून घेतली, एजन्सीच्या माणसाने तोंड वाकडं केलं पण झालं. सकाळी बआकांचा पंधरा-वीस जणांचा घोळका, बायका, पुरुष, पोरं, खांद्यावर जाळ्यांच्या गुंडाळ्या. जाळी वेलीच्या सालीच्या धाग्याची, मांडीवर वळून वळून केलेली, कमरेएवढ्या उंचीची. जंगलात शिरल्यावर एकेकाचं जाळं दुसऱ्याच्या जाळ्याला जोडत अर्धगोल तयार करतात, इतक्या पटकन की आपण बघेपर्यंत संपतं, आणि मग काही जण झाडीत शिरून ओरडत, पाला झोडपत येतात आणि काही जाळ्यापाशी दबा धरून बसतात. सापडतो तो मुख्यतः म्बोलोको, म्हणजे सशापेक्षा थोडा मोठा निळसर करडा डुईकर, एक छोटं हरीण. पार्कमध्ये शिकार बंद आहे, ही पारंपरिक जाळ्याची शिकार फक्त ठरवून दिलेल्या भागात चालते, त्यामुळे नैतिक प्रश्न पडणाऱ्यांनी आधी हे समजून घ्या. आमच्यावेळी तीनदा जाळी लावली, तिन्ही वेळा रिकामी. एकदा म्बोलोको जाळ्याखालून निसटला आणि जिच्या पायाशी निसटला तिची बाकीच्या बायकांनी जी टर उडवली, नक्कल काय, हसू काय, भाषा न कळताही आम्ही पोट धरून हसत होतो आणि ती बाई स्वतः सगळ्यात जास्त.

मधल्या वेळात बायका कोकोची पानं तोडत होत्या, ही एका वेलीची पानं, बारीक चिरून भाजी करतात, मला फार आवडली. एकीने कोयत्याने जाड वेल तोडला आणि तो उभा धरला तर आतून स्वच्छ पाणी, पिऊन बघितलं, जरा लाकडाची चव. दुपारी पावसाचं चिन्ह दिसलं तर दोघींनी बघता बघता मोंगुलू, म्हणजे पानांची झोपडी, उभं केलं. बारीक फांद्या जमिनीत खोचून वाकवायच्या, एकमेकींत गुंतवायच्या, मग रुंद पानांच्या देठाला खाच पाडून ती खालून वर कौलांसारखी अडकवत जायची. पाऊस आला, आम्ही आत, थेंब आत येईना. आणि तिथे आत बसून त्या गायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं. एकीने वरचा सूर धरला, मधेच आवाज फोडून उंच नेला, दुसरीने वेगळंच काहीतरी, तिसरी दोघींच्या मधल्या फटीत, कोण मुख्य आणि कोण साथीला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दाराशी एक बाप तान्ह्याला छातीशी धरून बसला होता. आका वडील दिवसाचा ४७ टक्के वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात असं बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने मोजलंय, ते वाचलं होतं, समोर बघितलं.

या दिवसाचे पैसे आमच्यासमोर, माणशी, बआकांच्या हातात दिले गेले. एवढंच हवं होतं.

अजून एक म्हणजे, बाकीच्या पिग्मी गटांशी गल्लत करू नका. कॅमेरूनचे बाका, दुसऱ्या काँगोच्या, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या इतुरी जंगलातले म्बुती, युगांडा-रवांडाचे बात्वा, सगळे वेगळे, भाषा वेगळ्या, परिस्थिती वेगळी. बात्वांना तर १९९१ मध्ये युगांडात ब्विंडी पार्क करताना जंगलातून बाहेरच काढलं. निदान बयांगाच्या बाजूला बआका अजून जंगलात जातात आणि पार्कमध्ये ट्रॅकर म्हणून पगारही घेतात.

प्रॅक्टिकल गोष्टी पटापट. यलो फीवरची लस लागतेच, जायच्या किमान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड जिवापाड जपा, ते नसेल तर भारतात परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. गडद निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्सेत्से माशा त्याच रंगांवर येतात, खाकी किंवा फिकट हिरवे घ्या, बाह्या पूर्ण. घामावर बसणाऱ्या छोट्या माशा चावत नाहीत पण डोळ्यांत, कानांत, नाकात शिरतात, डोक्यावरून घ्यायची जाळी नेली नाहीत तर रडाल. पँट मोज्यात खोचा, मुंग्यांची रांग ओलांडताना पळा. जेवण नदीचे मासे, कसावा, भात, कोको. शाकाहारींचं भागतं पण तेच ते. नोटा भरपूर ठेवा, बयांगात कार्डावर विसंबू नका, चलन सीएफए फ्रँक, युरोला ६५५.९५७ असा बांधलेला दर आहे त्यामुळे डॉलरपेक्षा युरो नेलेले बरे. फ्रेंच येणारं कोणीतरी ग्रुपमध्ये असू द्या, चार शब्द सांगो या इथल्या भाषेचे शिकलात तर अजून छान. अनेक देशांची सरकारं या देशात जाऊ नका असंच सांगतात, बऱ्याच इन्शुरन्स पॉलिसी इथे लागूच होत नाहीत, त्यामुळे बारीक अक्षरं वाचून मगच पॉलिसी घ्या, आणि लोक घाबरवतील ते काही अगदीच उगाच नाही, गेल्या दहा-बारा वर्षांत या देशाने बरंच बघितलंय.

सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी, पाऊस कमी. ऑगस्ट ते नोव्हेंबर टाळा, तेव्हा धो धो.

एजन्सीबद्दल शेवटचं. बिलात ‘कम्युनिटी फी’ अशी एक ओळ होती, त्यात नक्की काय येतं हे मी ट्रिपआधी ईमेलवर विचारलं होतं, उत्तर आलं ‘सर्व समाविष्ट’. परत आल्यावर पुन्हा विचारलं, अजून उत्तर नाही. तुम्ही बुक करणार असाल तर हे आधीच लेखी घ्या: पैसे कोणाला, किती, कोणाच्या हातात, आणि नाचाचा कार्यक्रम रद्द केला तर ती रक्कम जंगलाच्या दिवसाला वळवणार का. नाही म्हणाले तर दुसरी एजन्सी बघा, किंवा पार्कच्या ऑफिसशी थेट बोला, उत्तर उशिरा येतं पण येतं.